तांब्यावर कोरलेलीं घरें

मुरूडहून दक्षिणेस जाणारा रस्ता राजपुरीच्या खाडीवर येऊन थांबतो, तें गांव आगरदांडा. खाडीच्या पलीकडच्या तीरावर दिघी आहे. फेरीबोट धक्का सोडून खाडीच्या मध्यावर आली, म्हणजे समुद्राच्या बाजूस जंजिऱ्याचा तट दिसूं लागतो आणि सर्व उतारूंच्या माना तिकडे वळतात. मागें राहिलेल्या गांवांतील कौलारू घरांकडे कोणी पाहत नाहीं. माझें आजोळ या गांवीं असूनही मीं स्वतः तीं घरें कधीं नीट पाहिलीं नव्हतीं. तीं पाहण्याची बुद्धि मला झाली ती एका संकटानंतर.

३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. मुरूड आणि श्रीवर्धन या तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या कितीएक वाड्या त्या एका दिवसांत आडव्या झाल्या आणि गांवोगांव घरांचीं छपरें उडालीं. आमच्या आजोळच्या घरावर शेजारचा माड पडला. आढें मोडलें, एका बाजूचें पाखें खालीं आलें आणि मागची पडवी तर खांबांसकट जमीनदोस्त झाली. पावसाळा संपल्यावर मामांनीं सुतारास बोलावलें. घर होतें तसेंच उभें करावयाचें, असा त्यांचा आग्रह होता. सुतार म्हातारा आणि जाणता होता. त्यानें जोत्यावर उभें राहून एक साधा प्रश्न विचारला, "भाऊ, आढें जोत्यापासून किती हातांवर होतें?" तें कोणासही सांगतां येईना. पडवीला खांब किती होते, असें त्यानें विचारलें. मामा म्हणाले चार, मावशी म्हणाली सहा. घरांत फोटो पुष्कळ निघाले. परंतु एका फोटोंत नवरा-नवरी उभीं, दुसऱ्यांत मुंज झालेला बटू उभा, आणि घर त्यांच्या पाठीमागें अर्धेंमुर्धें. ज्या घरांत चार पिढ्या वाढल्या, त्या घराचें एकही माप कोणापाशीं नव्हतें.

आज मला आपणांपुढें जो विषय मांडावयाचा आहे, तो दिसावयास फार दूरचा आहे. सतराव्या आणि अठराव्या शतकांत हॉलंडमधील धनिकांनीं आपल्या गांवाबाहेरच्या वाड्यांचीं जीं चित्रें तांब्याच्या पत्र्यावर कोरवून छापून घेतलीं, त्या चित्रांचा हा विषय. आज तीं दुर्मिळ झालीं आहेत, आणि त्यांचा एकादा अखंड संच पाहावयाचा तर बहुधा मोठ्या ग्रंथालयाची किंवा वस्तुसंग्रहालयाची पायरी चढावी लागते. आगरदांड्याच्या कौलारू घराशीं त्यांचा काय संबंध, असें आपण विचाराल. तो संबंध त्या सुताराच्या प्रश्नांत आहे.

डच लोक आम्हां महाराष्ट्रीयांना अपरिचित नव्हेत. जुन्या कागदांत त्यांना वलंदेज म्हणत. आज्ञापत्रांत रामचंद्रपंत अमात्यांनीं जे टोपीकर गणले आहेत, त्यांत वलंदेजही आहेत. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्यांनीं वेंगुर्ल्यास वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या जहाजांना दाणापाणी तेथून पुरविलें जाई. त्या वखारीचें पडकें बांधकाम वेंगुर्ल्यांत आजही पाहावयास मिळतें. ज्या डच ईस्ट इंडिया कंपनीची ती वखार, ती १६०२ सालीं स्थापन झाली. मिरीं, लवंगा, जायफळ, दालचिनी आणि कापड यांच्या व्यापारांत ॲमस्टरडॅमच्या सावकारांनीं अपार द्रव्य मिळविलें. शहरांतील कालव्यांना उन्हाळ्यांत दुर्गंधि सुटे, म्हणून हे सावकार नदीकांठीं, किंवा सरोवरें उपसून तयार केलेल्या नव्या जमिनीवर, उन्हाळी वाडे बांधूं लागले. तेव्हां त्या वाड्यांच्या पायांत आपल्या किनाऱ्यावरील मालाच्या नफ्याचाही थोडा चुना मिसळलेला आहे, असें म्हटल्यास तें वावगें होणार नाहीं.

उपसलेल्या जमिनींपैकीं एक बेमस्टर नांवाची आहे. तेथलें सरोवर पवनचक्क्यांच्या साहाय्यानें रिकामें करून १६१२ सालीं ती कोरडी करण्यांत आली. या जमिनीवर फ्रेडेरिक आलेवेन नांवाच्या ॲमस्टरडॅमच्या एका धनिकानें सतराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फ्रेडेनबुर्ख नांवाचा वाडा बांधविला. हेग शहराजवळील उपवनांत ऑरेंज घराण्याचा जो प्रासाद आहे, त्याचा शिल्पज्ञ पीटर पोस्ट यानें त्याची योजना केली. पोस्ट नुसतें घर बांधून थांबला नाहीं. घराच्या तळाचा नकाशा, दर्शनी बाजूचा उभा आराखडा, आणि घर मधोमध कापलें असतां आंतील मजले कसे दिसतील तें दाखविणारा छेद, अशा निरनिराळ्या दृष्टींनीं काढलेलीं त्याचीं चित्रें तांब्यावर कोरलीं जाऊन प्रसिद्ध झालीं. पुढें तो वाडा पाडण्यांत आला. आज बेमस्टरला जाणाऱ्यास तो दिसत नाहीं. परंतु कागदावर त्याच्या दालनांची लांबी-रुंदी अजून मोजतां येते.

सर्वच चित्रें अशीं मोजमापाचीं होतीं, असें मात्र नाहीं. फेख्त नांवाच्या नदीच्या कांठीं असलेल्या वाड्यांचा एक चित्रसंग्रह १७१९ सालीं ॲमस्टरडॅमला निघाला. डॅनियल स्टोपेनडाल यानें कोरलेलीं सुमारें शंभर दृश्यें त्यांत आहेत. नदीच्या पाण्यांत पडलेलें वाड्याचें प्रतिबिंब, कुंपणाची नक्षीदार दारें, कातरलेल्या झाडांच्या रांगा, होडींतून जाणारीं माणसें, असें सर्व कांहीं. हीं चित्रें पाहतांना एक सावधगिरी बाळगावी लागते. चित्रास पैसे देणारा बहुधा घराचा धनी असे, आणि धन्यास आपली बाग आहे त्याहून मोठी दिसलेली आवडते. काल लावलेलें रोप चित्रांत मोठा वृक्ष होऊन बसे. आपल्याकडील लग्नाच्या फोटोवर रंग चढविणारा आणि हा कोरणारा यांची जात एकच.

असें असूनही अशा चित्रांवर भिस्त ठेवून एक मोठें काम झालें आहे. हॉलंडचा विल्यम, जो पुढें १६८९ सालीं इंग्लंडच्याही गादीवर बसला, त्यानें आपल्या मृगयेसाठीं आपेलडोर्न येथें हेट लो नांवाचा वाडा बांधविला. त्याच्या मागें चौकोनी ताटव्यांची आणि कारंज्यांची एक भव्य बाग होती. रोमेन द होखे या कोरणाऱ्यानें तिचीं चित्रें तांब्यावर उतरवून ठेविलीं. १८०६ सालीं नेपोलियनचा भाऊ लुई हॉलंडचा राजा झाला. त्यास ही जुनी, आंखीव बाग रुचली नाहीं; त्यानें ती मोडून तेथें मोकळीं कुरणें आणि वळणावळणाच्या वाटा केल्या. पावणेदोनशें वर्षें ती जुनी बाग कोणी पाहिली नाहीं. मग १९७७ पासून १९८४ पर्यंत डच सरकारनें ती पुन्हां उभी केली. त्या वेळीं द होखेचीं चित्रें, जुनीं वर्णनें आणि जमिनींत सांपडलेले अवशेष यांचा ताळा घेऊन ताटव्यांच्या जागा ठरविण्यांत आल्या. लो येथील माळ्यांना आमच्या सुतारासारखाच प्रश्न पडला होता; फरक इतकाच कीं, त्यांच्यापाशीं उत्तर होतें.

हीं चित्रें होत कशीं, हें थोडक्यांत सांगतों. तांब्याचा पत्रा घासून आरशासारखा गुळगुळीत करीत. मग तीक्ष्ण पोलादी कोरणीनें त्यावर रेघ खोदीत. किंवा पत्र्यास मेणाचा पातळ लेप देऊन त्या लेपांत सुईनें चित्र काढीत आणि त्यावर आम्ल सोडीत, म्हणजे जेथें तांबें उघडें पडलें असेल तेथें तें आम्लानें खाल्लें जाऊन चर पडे. सबंध पत्र्यास शाई चोळावयाची आणि पुन्हां पुसून काढावयाची. वरचा भाग स्वच्छ होतो, शाई चरांत राहते. त्यावर ओलसर कागद ठेवून पत्रा दोन जड रुळांमधून काढला कीं, कागद चरांतील शाई ओढून घेतो. छापलेलें चित्र पत्र्याच्या उलट येतें. उजवीकडचें डावीकडे जातें. म्हणून कुशल कोरणारा सबंध वाडा पत्र्यावर उलटा कोरी. ज्यास हें भान राहिलें नाहीं, त्याच्या चित्रांत पूर्वेचा दरवाजा पश्चिमेस जाऊन बसे.

आपल्या घरीं आजोबांच्या वेळचें असें एकादें चित्र चौकटींत असेल, तर तें पारखणें फारसें अवघड नाहीं. समास कापलेला नसेल तर चित्राच्या सभोंवार पत्र्याच्या कडेचा चौकोनी दाब कागदांत उमटलेला असतो, आणि बोट फिरविलें तर तो हातास लागतो. भिंगांतून पाहिलें तर रेघ सलग दिसते, आणि तिच्यावर शाईचा किंचित् उठाव असतो. मागाहून छायाचित्रावरून छापलेल्या नकलेंत रेघेच्या जागीं बहुधा बारीक ठिपक्यांचें जाळें दिसतें. हीं चित्रें दुर्मिळ कां झालीं, याचीं कारणें अगदीं व्यवहारी आहेत. तांबें मऊ असल्यामुळें प्रत्येक दाबासरशीं पत्रा झिजतो आणि पुढच्या प्रती फिकट निघतात. तांब्यास मोल असल्यामुळें निरुपयोगी झालेला पत्रा घासून त्यावर दुसरें चित्र कोरीत, किंवा तो वितळवीत. आणि भिंतीवर लावण्याच्या हौसेनें पुस्तकें फोडून चित्रें सुटीं विकलीं गेलीं.

आतां आपल्याकडे वळूं. तांब्यावर कोरण्याची कला आपल्या देशास नवी नव्हती. कोंकणांत शिलाहार राजांचे ताम्रपट सांपडले आहेत. खारेपाटणचा रट्टराजाचा ताम्रपट शके ९३० चा, म्हणजे इ. स. १००८ चा आहे. दानाविषयीं पुढें वाद उपस्थित होऊं नये, म्हणून दानपत्र तांब्यावर घालीत. परंतु आमचीं अक्षरें सुलट होतीं. तीं एकाच पत्र्यावर वाचावयाचीं असत, त्या पत्र्यावरून शंभर प्रती काढावयाच्या नसत. सुलट आणि उलट यांतील एवढ्याशा अंतरानें आपणांस कितीएक शतकें छापण्याच्या कलेपासून दूर ठेविलें.

तें अंतर तुटण्याचा एक प्रसंग अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यांत आला होता. पेशव्यांच्या दरबारीं चार्ल्स मॅलेट हा इंग्रज वकील होता. त्यास लेण्यांचा मोठा नाद. जेम्स वेल्स नांवाचा स्कॉटिश चित्रकार १७९१ सालीं मुंबईस आला आणि पुढें मॅलेटच्या आश्रयानें पुण्यास राहूं लागला. या दोघांच्या हाताखालीं गंगाराम चिंतामण तांबट हा आपला माणूस तयार झाला. त्यानें वेरूळच्या आणि इतर लेण्यांचीं जीं चित्रें काढलीं, त्यांतील कांहीं आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रांत जपून ठेविलीं आहेत. वेल्स १७९५ सालीं वारला. त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियल यानें वेरूळच्या लेण्यांचा चोवीस दृश्यांचा संग्रह १८०३ सालीं लंडनला प्रसिद्ध केला. त्याच्या मुखपृष्ठावर वेल्स आणि डॅनियल यांचीं नांवें आहेत, गंगारामाचें नाहीं. तांबट हें ज्याचें आडनांव, त्याची रेघ तांब्यावर चढविण्याची सोय त्याच्या शहरांत नव्हती. तरी ती विद्या अगदींच रुजली नाहीं असें नव्हे. मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयानें १८०५ सालीं भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवरून छापली गेली, ही गोष्ट मुद्रणाच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे.

लेण्यांचीं चित्रें झालीं, ग्रंथ छापला गेला. घरें मात्र राहून गेलीं. ज्या पुण्यांत गंगारामासारखा नजरेचा आणि हाताचा पक्का माणूस होता, त्याच पुण्यांत शनिवारवाडा उभा होता. १७३० सालीं त्याची पायाभरणी झाली आणि १८२८ सालीं लागलेल्या आगींत आंतील वाडा जळून गेला. तट राहिला, दिल्ली दरवाजा राहिला, जोतीं राहिलीं. वेल्सच्या रेखाटनांवरून डॅनियलनें १८०५ सालीं रंगविलेल्या दरबाराच्या चित्रांत पेशव्यांच्या एका दिवाणखान्याचें दर्शन घडतें, तेवढेंच. फ्रेडेनबुर्खला जो तळनकाशा, उभा आराखडा आणि छेद लाभला, तसा छापील संच पेशव्यांच्या वाड्याच्या वांट्यास आला नाहीं. ॲमस्टरडॅमच्या एका धनिकाच्या उन्हाळी घराविषयीं आपण जितकें निश्चितपणें बोलूं शकतों, तितकें हिंदुस्थानचें राजकारण जेथून चालविलें गेलें त्या वाड्याच्या माड्यांविषयीं बोलूं शकत नाहीं. हें शल्य केवळ इतिहाससंशोधकांचें नाहीं. मुलांना घेऊन शनिवारवाडा पाहावयास गेलेल्या प्रत्येक गृहस्थास तें जोत्यावर उभें राहून जाणवलेलें असतें. मुलें विचारतात, वर काय होतें? आणि आपण हवेंत हात करून दाखवितों.

राजपुरीच्या खाडीवरही हाच न्याय दिसतो. राजपुरी गांवाजवळ खोकरी येथें जंजिऱ्याच्या सिद्दींचे तीन दगडी घुमट आहेत. त्यांतील सर्वांत मोठा सिद्दी सुरुलखानाचा. तो त्यानें आपल्या हयातींतच बांधविला असें सांगतात. त्याच्या शेजारीं याकूतखान आणि खैरियतखान यांच्या कबरी आहेत. दगडानें त्यांना तारलें. परंतु त्याच खाडीच्या कांठीं ज्या लोकांनीं भातें पिकविलीं, गलबतें हांकारलीं, मिठागरें राखलीं, त्यांचीं घरें लांकडाचीं आणि मातीचीं. एक वादळ आलें, किंवा एका मुलानें मुंबईस बिऱ्हाड केलें कीं, तीं नाहींशीं होतात. त्यांच्यासाठीं कोणी दगड खर्चणार नाहीं, आणि तांबेंही नाहीं.

आमच्या आजोळच्या घराचें पुढें काय झालें, तें सांगून मी हें भाषण आटोपतों. सुतारानें हार मानली नाहीं. त्यानें पहिल्यानें पडवीचा राडा उपसावयास लावला. खालीं खांबांचे तळखडे जागच्या जागीं सांपडले. ते पांच निघाले. मामाही चुकले होते आणि मावशीही. मग त्यानें मोडलेल्या वांशांचे तुकडे अंगणांत एकापुढें एक जुळवून मांडले, त्यावरून पाख्याची लांबी काढली, उभ्या राहिलेल्या भिंतीची उंची घेतली, आणि आढें किती हातांवर होतें तें जमिनीवर काठीनें रेघा ओढून आम्हांस दाखविलें. तो शिकलेला नव्हता. पण घराचा जो छेद पीटर पोस्टनें कागदावर काढला, तोच त्यानें अंगणांतल्या मातींत काढला. संध्याकाळीं पाऊस आला असता तर तोही गेला असता. माझी एक भाची जवळ उभी होती. तिनें शाळेच्या वहींतील चौकटींचा कागद आणला आणि सुताराच्या तोंडून एकेक माप घेऊन तो मातींतला नकाशा कागदावर उतरविला. मावशीनें दिवळ्या कोठें होत्या, जातें कोठें रोवलें होतें आणि बाळंतिणीची खोली कोणती, तें सांगितलें. तेंही तिनें लिहून घेतलें. घर आतां उभें आहे. कागदाच्या प्रती मुंबई, पुणें आणि नाशिक येथील नातलगांकडे पाठविल्या आहेत, म्हणजे एका ठिकाणची गेली तरी दुसरी राहील. छापण्याचा हेतु शेवटीं एवढाच असतो.

श्रोतेहो, आपणांपैकीं पुष्कळांचें मूळ घर कोंकणांत, देशावर किंवा वऱ्हाडांत अजून उभें असेल. येत्या सुटींत तेथें गेलांत तर एक टेप, एक पेन्सिल आणि चौकटींचा कागद बरोबर न्यावा. आधीं तळाचा नकाशा काढावा, मग दर्शनी बाजू, आणि जमल्यास आढ्यापासून जोत्यापर्यंतचा छेद. चित्र सुबक आलें नाहीं तरी चालेल. मापें मात्र बरोबर असावींत. घरांतील सर्वांत वृद्ध माणसास जवळ बसवून प्रत्येक खोलीचें नांव लिहून घ्यावें, कारण भिंत पडल्यावर सुतार माप काढूं शकतो, नांव काढूं शकत नाहीं. आणि कागदाच्या कोपऱ्यांत त्या दिवसाची तारीख घालावयास विसरूं नये.